शिवाजी पेठेतल्या दगडी घरात स्मार्ट टीव्हीची वाय-फाय जोडणी : कामाच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत रंकाळा तलावाच्या अंगाला असलेल्या एका जुन्या दुमजली घरात ४३ इंची नवा स्मार्ट टीव्ही आला आहे आणि तो घरातल्या वाय-फायवर टिकत नाही, अशी तक्रार आहे. घर वडिलांच्या स्नेह्यांचे; त्यांना मी लहानपणापासून आण्णा म्हणतो. टीव्ही पुण्याला असलेल्या मुलाने पाठवला. दुकानाच्या माणसाने तो माजघराच्या भिंतीवर बसवला, पासवर्ड टाकला, पडद्यावर ‘जोडले गेले’ असे आल्याचे दाखवले आणि तो गेला. जोडणी झाली हे खरे आहे, पण जोडणी होणे आणि ती दोन तासांचा सामना संपेपर्यंत टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या कामात मला दुसरी साधायची आहे.

आण्णांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो, कारण अर्धे निदान त्यातच आहे : “पिक्चर बघताना काय हुत न्हाई बघ. म्याच लावली की मात्र ते चाक फिरत बसतंय. शेजारी आरडाओरडा झाला की आम्हाला कळतंय, काहीतरी घडलं म्हणून.”

कोल्हापुरात फुटबॉलला किती मान आहे हे सांगायला नको. पेठापेठांचे तालीम संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचे जेवण पुढेमागे होते, आणि ज्यांना आता स्टेडियमच्या पायऱ्या चढवत नाहीत, त्यांच्यासाठी थेट प्रक्षेपण ही करमणुकीपेक्षा मोठी गोष्ट आहे. म्हणून आण्णांची तक्रार मी किरकोळ मानलेली नाही.

चित्रपट चालतो आणि सामना अडकतो, याचे कारण असे. इंटरनेटवरून येणारे चित्र सलग धारेसारखे येत नाही. ते काही सेकंदांच्या तुकड्यांत येते आणि टीव्ही पुढचे तुकडे आधीच मागवून साठवून ठेवतो. चित्रपट अगोदरच तयार असल्याने साठा भरपूर करता येतो. नळाला पाणी कमीजास्त आले तरी हौद भरलेला असेल तर घरात कुणाला कळत नाही, तसे. थेट सामन्यात पुढचा भाग अजून घडलेलाच नसतो, त्यामुळे साठा थोड्या सेकंदांपलीकडे जाऊच शकत नाही. जोडणी तेवढा वेळ डळमळली की चाक फिरू लागते. तेव्हा येथे वेग किती आहे यापेक्षा तो किती स्थिर आहे, हा प्रश्न आहे. घराचे फायबर कनेक्शन १०० एमबीपीएसचे आहे, आणि नेटफ्लिक्ससारखी सेवा फुल एचडीसाठी ५ आणि फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएसची शिफारस करते. म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंत काही कमी नाही. जे कमी पडते ते घराच्या आत.

आता घराविषयी. समोर सोपा, त्यामागे माजघर, मग स्वयंपाकघर आणि शेवटी परडे. वर माडी. सोपा आणि माजघर यांच्यामधली भिंत काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली, दोन फूट जाड. फायबरची तार रस्त्यावरच्या खांबावरून थेट माडीच्या खिडकीत आली आहे आणि मोडेम तिथेच कोपऱ्यात, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, मागच्या बाजूला सरकवून ठेवला आहे. जेथे तार आत आली तेथेच मोडेम ठेवायचा, ही पद्धत शहरभर दिसते. टीव्ही मात्र खाली माजघराच्या भिंतीवर. मोडेमपासून टीव्हीपर्यंत सरळ रेषा काढली तर ती आधी कपाटाच्या लोखंडाला घासून जाते, मग माडीचा कडीपाट आणि त्यावरची फरशी ओलांडते, आणि मग त्या दगडी भिंतीतून तिरकी जाते. तिरकी जाण्याला महत्त्व आहे : दोन फुटांची भिंत ४५ अंशांत ओलांडायची म्हटली की वाट जवळजवळ पावणेतीन फूट दगडातून जाते.

मोबाइलवरच्या वाय-फाय ॲनालायझरने मोजमाप घेतले. ही संख्या डीबीएममध्ये आणि उणे चिन्हासह असते. शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली. प्रत्येक १० डेसिबलला ताकद दहा पटींनी बदलते, ३ डेसिबलला दुपटीने. वाय-फायचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे. मोडेमजवळ २.४ गिगाहर्ट्झवर उणे ३८ मिळाले. जिन्याच्या पायथ्याशी, सोप्यात, उणे ५८. दगडी भिंतीपलीकडे, टीव्हीच्या शेजारी, उणे ७६. म्हणजे सोप्यातून माजघरात येताना १८ डेसिबल गेले; लहरींची ताकद साठाव्या हिश्श्याच्या आसपास आली. व्हिडिओ सुखाने चालायला साधारण उणे ६७ किंवा त्याहून चांगला संकेत असावा असे आमच्या कामात धरले जाते. ५ गिगाहर्ट्झचा संकेत माजघरात उमटतच नव्हता.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये मात्र दोन दांड्या दिसत होत्या. दांड्यांवर विसंबून काही ठरवू नये, कारण कोणत्या आकड्याला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते.

१३ एप्रिल २०२५

आज घरातले काहीही न हलवता, केवळ मोडेमच्या सेटिंगमध्ये बदल करून किती फरक पडतो ते पाहिले. तारा ओढायच्या आधी ही पायरी करावीच, कारण तिला खर्च नाही आणि पुढच्या कामालाही ती लागते.

मोडेमच्या आत जाण्यासाठी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकला. वापरनाव आणि पासवर्ड डब्याच्या तळाच्या चिकटपट्टीवर छापलेले होते आणि अजून तेच चालू होते; ते आधी बदलले. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडण्याची सोय, तीही चालू होती. बटण दाबल्यावर दोन मिनिटांत उपकरण जोडता येते, ही सोय रिमोटवर पासवर्ड टंकण्यापेक्षा सोपी आहे हे मान्य. पण पिनच्या पद्धतीतली कमजोरी २०११ सालीच उघड झाली असल्याने काम झाल्यावर ती बंद ठेवणे मला योग्य वाटते.

चॅनेलचा, म्हणजे वाय-फायच्या पट्ट्यातल्या ठरावीक जागांचा, मुद्दा येथे खरा भरीव निघाला. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल आहेत, पण ते एकमेकांपासून अवघ्या ५ मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत आणि वाय-फायचा एक संकेत २० मेगाहर्ट्झ रुंद असतो. म्हणून एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच उरतात : १, ६ आणि ११. पेठेत घराला घर लागून आहे. ॲनालायझरवर शेजाऱ्यांच्या नावांची यादी पडदाभर होती. अशा ठिकाणी आण्णांच्या मोडेमने आपोआप चॅनेल ३ निवडला होता आणि रुंदी ४० मेगाहर्ट्झ घेतली होती, म्हणजे १ वरच्यांशीही गर्दी आणि ६ वरच्यांशीही. ४० ची रुंदी कागदावर वेग वाढवते, पण दाट वस्तीत ती आपलेही आणि शेजाऱ्यांचेही नुकसान करते. रुंदी २० केली आणि चॅनेल ११ कायम केला, कारण १ आणि ६ वर जवळच्या घरांचे जोरकस संकेत होते. १२ आणि १३ रिकामे दिसले तरी ते टाळले. ते चॅनेल काही टीव्हींना दिसतच नाहीत, आणि मग नेटवर्कचे नाव यादीतून गायब होऊन घरच्यांना वाटते की टीव्ही बिघडला.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा भरपूर आहे. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने भारतात या पट्ट्यातला ६०५ मेगाहर्ट्झचा भाग परवान्याशिवाय वापरायला खुला झाला, आणि शेजाऱ्यांची गर्दी तिथे अजून विरळ आहे. पण याच लहरी मोकळ्या हवेतसुद्धा २.४ च्या तुलनेत साधारण ७ डेसिबलने कमी पोहोचतात आणि भिंतीत त्याहून जास्त गमावतात. एकाच खोलीत त्या उत्तम. दगडी भिंतीपलीकडे त्यांचा भरवसा नाही.

मोडेमने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिले होते. अशा वेळी कोणता पट्टा धरायचा हे उपकरण आणि मोडेम आपसांत ठरवतात, आणि मोबाइलला ते जमते तसे टीव्हीला नेहमी जमत नाही. सध्यापुरती नावे वेगळी केली, म्हणजे टीव्ही कशाला जोडला आहे हे नक्की कळेल. सुरक्षेच्या बाबतीत डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ या जुन्या-नव्या पद्धतींचे मिश्रण चालू होते. ते तसेच ठेवले. फक्त डब्ल्यूपीए-३ ठेवले की २०१८ च्या आधीच्या घडणीची उपकरणे पासवर्ड बरोबर असूनही आत येत नाहीत.

या साऱ्याचा परिणाम दिसला, पण पुरेसा नव्हता. संध्याकाळी थेट प्रक्षेपण लावून पाहिले. चाक कमी वेळा आले, पण आले. संकेत अजूनही उणे ७६ च आहे, आणि चॅनेल बदलल्याने दगड पातळ होत नाही.

१६ एप्रिल २०२५

टीव्ही पहिल्यांदा सुरू करताना दुकानाच्या माणसाने सगळ्या परवानग्यांना ‘मान्य’ म्हटले होते. त्या आज काकूंच्या समोर एकेक वाचून दाखवल्या. पडद्यावर काय चालले आहे ते ओळखून त्याची माहिती कंपनीकडे पाठवण्याची सोय अनेक स्मार्ट टीव्हींत असते; चित्र बघायला तिचा काहीच उपयोग नसतो. अमेरिकेत याच कारणावरून व्हिझिओ या टीव्ही कंपनीला २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले होते. काकूंनी विचारले, “म्हंजे आम्ही काय बघतो ते तिकडं लिहून घेतात?” मी हो म्हटल्यावर त्यांनी स्वतः रिमोट हातात घेऊन ती परवानगी काढून टाकली.

टीव्हीचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले. उणे ७६ च्या संकेतावर त्याला फार वेळ लागला.

२३ एप्रिल २०२५

काल दुपारी वळवाचा पाऊस झाला, विजा कडाडल्या आणि पेठेतली वीज रात्रीपर्यंत गेली. आज सकाळी आण्णांचा फोन : वाय-फाय जोडलेले दाखवते, पण काहीच उघडत नाही.

ही तक्रार वेगळी आहे हे ओळखायला पाच गोष्टी क्रमाने तपासल्या, आणि हा क्रम मी कायम पाळतो, कारण त्यात जवळून लांब जाता येते. टीव्हीला पत्ता मिळाला होता : १९२.१६८.१ ने सुरू होणारा. तो १६९.२५४ ने सुरू झाला असता तर मोडेमने पत्ताच दिला नाही असे समजले असते. टीव्हीवरून मोडेमपर्यंत वाट खुली होती. मोडेमचा तांबडा दिवा बंद होता, म्हणजे फायबर ठीक होते. त्याच वाय-फायवर काकूंच्या मोबाइलमध्ये सर्व काही उघडत होते. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये तारीख पाहिली, आणि तेथे कित्येक वर्षांपूर्वीचा जानेवारी दिसला.

अनेक टीव्हींच्या आत घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज पूर्ण गेली की वेळ मूळ तारखेवर जाते आणि इंटरनेट मिळाल्यावर टीव्ही वेळ-सर्व्हरकडून ती पुन्हा घेतो. येथे बसवणाऱ्याने तारीख हाताने टाकून आपोआप वेळ घेण्याची सोय बंद ठेवली होती. आता तारखेचा आणि चित्रपटाचा संबंध काय, असे आण्णांनी विचारले, आणि प्रश्न रास्त आहे. प्रत्येक सुरक्षित सेवा आपली ओळख पटवणारे एक प्रमाणपत्र पुढे करते आणि त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असे लिहिलेले असते. टीव्हीच्या हिशेबाने आज जुना जानेवारी असेल, तर ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नाही. म्हणून तो दार उघडत नाही, आणि पडद्यावर मात्र ‘इंटरनेट नाही’ एवढेच लिहितो. आपोआप वेळेची सोय चालू केली, प्रमाणवेळ भारताची निवडली, आणि सर्व ॲप लगेच उघडली.

एक गोष्ट यातून पक्की झाली. या घरात जे काही करायचे ते वीज जाऊन आल्यावर कोणाच्याही मदतीशिवाय पुन्हा उभे राहिले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत वळीव आणि पुढे पावसाळा; वीज जाणार हे धरूनच चालायचे.

२६ एप्रिल २०२५

आज सोप्यात बसून पर्यायांची चर्चा केली. पुण्याहून मुलगा व्हिडिओ कॉलवर होता.

पहिला पर्याय मोडेम खाली आणण्याचा. तो मला मनापासून पटत होता, पण त्यासाठी फायबरची तार नव्याने ओढावी लागेल, ती जिन्याच्या वळणांवरून न्यावी लागेल, आणि माडीवर सुनेचे कार्यालयीन काम चालते तेव्हा तिथला संकेत कमी होईल. दुसरा पर्याय भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायच्या एक्स्टेंडरचा. मुलाचा कल तिकडे होता, कारण तो स्वस्त आहे आणि कुठे भोक पाडावे लागत नाही. पण साधा एक्स्टेंडर ज्या लहरींवर ऐकतो त्याच लहरींवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण अर्धा होतो. आणि त्याला ठेवायचे कुठे? सोप्यात ठेवला तर त्याच्यापुढे तीच भिंत आहे, माजघरात ठेवला तर त्याला मिळणारा संकेतच दुबळा आहे. दुबळे ऐकणाऱ्याने कितीही जोरात सांगितले तरी सांगण्यासारखे त्याच्याकडे थोडेच असते. मेश संचाचेही, म्हणजे घरभर ठेवायच्या, एकमेकांशी बोलणाऱ्या राउटरांचेही, तारेशिवाय वापरला तर, याच भिंतीपाशी अडते.

माझा आग्रह तारेचा होता आणि त्याचे कारण साधे आहे. मोबाइल हातात फिरतो, म्हणून त्याला लहरी लागतात. टीव्ही बसवला त्या दिवसापासून जागचा हललेला नाही आणि पुढची दहा वर्षे हलणार नाही. त्याला लहरींवर ठेवण्याचे कारण एवढेच, की तार ओढायची राहिली. माडीवरच्या मोडेमपासून माजघरापर्यंत एक कॅट ६ केबल, म्हणजे नेटवर्कची तांब्याची तार, आणायची, तिच्या टोकाला मुलाच्या जुन्या खोलीत पडून असलेला दोन पट्ट्यांचा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तारेवरून आलेले नेटवर्क फक्त वाय-फायने पुढे देण्यासाठी, लावायचा, टीव्ही त्याला आखूड तारेने जोडायचा, आणि त्याच राउटरचे वाय-फाय खालच्या मजल्यावरच्या मोबाइलसाठी चालवायचे. भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे असे दोन आवाज होतील, आणि भिंत लहरींऐवजी तारेने ओलांडली जाईल.

काकूंची एकच अट : दगडी भिंतीला नवे भोक नाही. अट मला मान्य आहे. चुन्यातल्या दगडी बांधणीत हॅमर ड्रिल घालण्याची माझीही इच्छा नाही. एक दगड हलला की आजूबाजूचा चुना सुटतो.

३ मे २०२५

भोक नव्याने पाडण्याची गरज पडली नाही. जुन्या केबल टीव्हीची काळी तार माडीवरून सोप्यात आणि सोप्यातून भिंत ओलांडून माजघरात आधीच आलेली होती. कनेक्शन कधीच बंद झाले होते, तार तशीच राहिली होती. तिचा उपयोग ओढण्याच्या दोरीसारखा केला.

केबल राजारामपुरीतून आणली. दुकानात दोन गुंडाळ्या पुढे आल्या, किमतीत बराच फरक. स्वस्त गुंडाळीतली एक तार सोलून तिच्यावर पातीने हलकेच खरवडले, तेव्हा वरचा तांबूस थर गेला आणि आत पांढरट ॲल्युमिनियम दिसले. अशी तार ठिसूळ असते, लवकर तुटते, आणि मानकांत बसत नाही. दुसऱ्या गुंडाळीत खरवडल्यावरही तांबेच होते, तीच घेतली. एकदा भिंतीत गेलेली तार पुन्हा कोणी काढत नाही, म्हणून येथे काटकसर करू नये असे माझे ठाम मत आहे.

माडीवरच्या टोकाला जुनी तार आणि नवी कॅट ६ एकमेकींना टोकाला टोक लावून बांधली, जोडावर चिकटपट्टी निमुळती गुंडाळली आणि वर थोडी पावडर चोळली. आण्णांचा नातू माडीवरून हळूहळू तार सोडत होता आणि मी माजघरातून जुनी तार ओढत होतो. भिंतीच्या मध्यावर जोड अडला. जोराने ओढले असते तर चिकटपट्टी सुटून दोन्ही टोके दगडात हरवली असती. म्हणून तार हातभर मागे घ्यायला सांगितली, जुनी तार थोडी पिळली आणि पुन्हा ओढली. चुन्याची भुकटी आधी आली आणि तिच्यामागून निळी केबल. टोकाला आरजे ४५ चा प्लग आधी लावलेला नसल्याने ती त्या अरुंद वाटेतून आली. प्लग नेहमी ओढून झाल्यावर लावावा.

सोप्यातून जाणारा भाग केसिंग-पट्टीत घेतला आणि विजेच्या तारांपासून दूर ठेवला. एके ठिकाणी त्या ओलांडाव्या लागल्या तेथे काटकोनात ओलांडल्या. एकूण लांबी १८ मीटर भरली. कॅट ६ ला १०० मीटरची मर्यादा आहे, त्यामुळे चिंता नाही. केबल पूर्णपणे घराच्या आतून नेली आहे, परड्याच्या किंवा रस्त्याच्या बाजूने बाहेर काढलेली नाही. वळवाच्या दिवसांत बाहेर उघड्यावर असलेल्या तांब्याच्या तारेत जवळ पडलेल्या विजेचा धक्का उतरू शकतो आणि तो थेट टीव्हीच्या आत जातो.

प्लग लावताना आठ तारांचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवला : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्रिम्प करण्याआधी प्लगच्या पारदर्शक तोंडातून आठही टोके पुढच्या भिंतीला टेकलेली आहेत ना, हे उजेडात धरून पाहिले. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले.

४ मे २०२५

जुन्या राउटरची मांडणी करताना एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिले. तो राउटर म्हणूनच चालू ठेवला असता तर त्याने खालच्या मजल्यावर १९२.१६८.० ने सुरू होणारे स्वतःचे वेगळे पत्ते वाटले असते आणि एका घरात दोन नेटवर्क झाली असती. इंटरनेट दोन्हीकडे चालले असते, टीव्हीही चालला असता. पण माडीवर बसून नातवाने मोबाइलवरचे फोटो टीव्हीवर टाकायचे म्हटले, की टीव्ही त्याच्या यादीत आला नसता. मोबाइल टीव्हीला शोधतो ते एकाच नेटवर्कमध्ये सर्वांना हाक मारून, आणि ती हाक राउटरच्या सीमेपलीकडे जात नाही. म्हणून त्याला ॲक्सेस पॉइंटच्या रीतीत टाकले. पत्ते वाटण्याचे काम माडीवरच्या मोडेमकडेच राहिले. पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवरूनही टीव्ही मुद्दाम दिसत नाही, हे नातवाला सांगून ठेवले आहे.

खालच्या राउटरला २.४ वर चॅनेल १ दिला आणि ५ वर ३६. नाव आणि पासवर्ड माडीसारखेच ठेवले, म्हणजे मोबाइल जिना चढता-उतरता स्वतः बदल करील; पट्ट्यांची वेगळी नावे आता लागत नसल्याने तीही पुन्हा एक केली. मोडेममध्ये टीव्हीचा पत्ता राखून ठेवला.

मग मोजले. तारेवर टीव्हीचा वेग ९३ एमबीपीएसच्या आसपास आला. टीव्हीचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच आहे. फोर-के टीव्हींतही ते बहुधा तेवढेच असते. त्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला संकेत उणे ४१ मिळाला, आणि राउटरशी जोडणीचा वेग तारेपेक्षा मोठा दिसला. मुलाने कॉलवर विचारले, मग तार कशाला? मी दोन्हीवर मोडेमला सतत पिंग करून, म्हणजे छोटी हाक पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजून, दाखवले. वाय-फायवर उत्तर बहुतेकदा पटकन येत होते, पण मध्येच एखादे लांबत होते. तारेवर सगळी उत्तरे एकसारखी येत होती. सामन्याला १५ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे ९३ च्या वरचा आकडा येथे कामाचा नाही, आणि एकसारखेपणा कामाचा आहे. टीव्ही तारेवर ठेवला. वाय-फायचा पासवर्डही त्यात टाकून ठेवला आहे, म्हणजे कधी तार निघाली तर घर अडणार नाही.

११ मे २०२५

मोडेम आणि खालचा राउटर यांना प्रत्येकी एक छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावला. घेताना ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट, ॲम्पिअर आणि पिनचे ध्रुव तिन्ही जुळवून पाहिले. मग मेन स्विच मुद्दाम बंद करून दहा मिनिटांनी चालू केला. टीव्हीने तारीख बरोबर घेतली आणि कोणाला काही न दाबता यूट्यूब उघडले. मोडेम कपाटाच्या मागच्या कडेवरून पुढे, भिंतीवरच्या लाकडी फळीवर आणला. माडीवरच्या खोल्यांत त्याने ९ डेसिबलचा फरक पडला.

काकूंसाठी मोठ्या अक्षरांत एक कागद लिहून टीव्हीखालच्या कोनाड्यात चिकटवला : आधी राउटरचा दिवा पाहा, मग टीव्हीची तारीख पाहा, मग टीव्हीचे बटण भिंतीवरून बंद करून एक मिनिटाने चालू करा. तीनच ओळी ठेवल्या.

१८ मे २०२५

आण्णांनी काल पूर्ण सामना पाहिला. चाक आले नाही. शेजाऱ्यांचा आरडाओरडा आणि आमचा एकदमच झाला, असे ते म्हणाले. प्रक्षेपण स्वतःच मैदानापेक्षा काही सेकंद मागे असते आणि दोन घरांत वेगवेगळ्या सेवेवर पाहिले तर हा फरक राहणार, हे त्यांना सांगितले आहे.

राहिलेली कामे : सोप्यातल्या केसिंग-पट्टीला भिंतीचा रंग द्यायचा आहे, तो पावसाळ्याआधी नातू देणार आहे. फायबरचा माणूस मोडेम बदलायला येईल तेव्हा निळी केबल काढून पुन्हा लॅन पोर्टमध्येच लावायची आणि नव्या मोडेममध्ये वाय-फायचे नाव-पासवर्ड जुनेच ठेवायचे, अशी चिठ्ठी केबलच्या टोकाला बांधली आहे.